श्रम : मात्रेने द्यावयाचे औषध

हुबळीहून धारवाडला निघाले की विद्यानगराच्या पुढे उणकलचे तळे लागते. चंद्रमौलीश्वराचे चालुक्यकालीन मंदिर असलेले हे गाव आता हुबळी शहरातच सामावले आहे. विद्यानगरात १९५७ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२० व २०२१ साली करोनाचे रुग्ण दाखल होत होते. अशा जबर दुखण्यातून उठलेल्या माणसाला तळ्याच्या काठाने शंभर पावले चालणे म्हणजे डोंगर चढण्यासारखे होते. त्याने पडून राहावे की चालावे?

हा प्रश्न जुना आहे. १९१८ मध्ये धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. त्या जूनमध्ये मुंबईत शिरलेली इन्फ्लुएन्झाची साथ, आपल्या लोकांची ‘मानमोडी’, सप्टेंबर-ऑक्टोबरात अधिक उग्र होऊन उलटली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मृतांची गणती निदान झाली. जे वाचले त्यांच्या खचलेल्या छातीकडे पाहण्यास कोणाला सवड होती?

याची वाट क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाने आधीच दाखविली होती. क्षय विषाणूंचा रोग नव्हे, तरी घाव फुप्फुसांवरच. रोग्याने पडून राहावे असा त्या काळचा सर्वसाधारण दंडक. १९०५ पासून इंग्लंडमधील फ्रिमली येथे डॉक्टर मार्कस पॅटरसन यांनी तो मोडला. प्रथम थोडे चालणे, मग मातीच्या टोपल्या वाहणे, पुढे फावडे, अशी चढती श्रेणी त्यांनी आखली. ताप चढला की काम बंद! श्रमालाही मात्रा असते, हे त्यांनी ओळखले, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण यातच आहे.

आपल्याकडे या विद्येला शास्त्रीय शिक्षणाची जोड मिळाली ती पोलिओमुळे. पोलिओचा विषाणू हातापायांप्रमाणेच श्वासाचे स्नायूही लुळे करतो. १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराची शाळा निघाली. व्यायाम शिकविणारा हा जाणकार पुढे छातीच्या रुग्णांच्याही खाटेशी येऊ लागला.

त्याचे गणित साधे आहे. आठवडेच्या आठवडे अंथरुणात गेले की मांड्यांचे स्नायू झिजतात; झिजलेला स्नायू थोड्या कामातच थकतो आणि धाप लागते. म्हणून खुर्चीतून उठणे-बसणे, सहा मिनिटांत किती अंतर चालता येते ते मोजणे, बोटाला यंत्र लावून रक्तातील प्राणवायू पाहणे. इंग्लंड व वेल्समध्ये रुग्णालयातून घरी परतलेल्या ५८५ करोनाग्रस्तांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे दूरस्थ पद्धतीने, देखरेखीखाली, गटाने व्यायाम व मनाला आधार मिळालेल्यांचे जीवनमान तीन महिन्यांनी इतरांहून सुधारलेले आढळले.

तथापि काहींची प्रकृती श्रमानंतर काही तासांनी, किंबहुना दुसऱ्या दिवशी ढासळते. अशांना व्यायाम वाढवीत नेणे घातक ठरू शकते. त्यांनी थकण्यापूर्वीच थांबावे, दिवसाची कामे वाटून घ्यावीत, आणि किती चालायचे हे वैद्याला विचारूनच ठरवावे.