आतड्याचे संरक्षक अस्तर (वराहपिल्लांतील)
पचलेले अन्न रक्तात घेणारा आणि जंतू, विषे व न पचलेली प्रथिने बाहेरच थोपवणारा आतड्याचा आतला थर. एकाच पेशीच्या जाडीचा अधिस्तर, त्यावरचा बुळबुळीत श्लेष्मा, शेजारच्या पेशींना घट्ट सांधणारी ऑक्लुडिन व क्लॉडिन ही प्रथिने आणि खालच्या प्रतिकारपेशी मिळून तो बनतो. पिल्लाचे दूध तुटते तेव्हा त्याची खरी कसोटी लागते.

डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे जन्मतः पिल्लाचे आतडे सैल असते आणि चिकातील प्रतिपिंडे न पचता रक्तात उतरतात. 24 ते 36 तासांत ही वाट बंद होते. पुढे आतड्याची राखण दुधातील आयजीए प्रतिपिंडे करतात. पिल्लाची स्वतःची पुरेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात.

मोकळ्यावर वाढणारी पिल्ले साधारण 10 ते 17 आठवड्यांपर्यंत हळूहळू दूध सोडतात. फार्मवर ते 3–4 आठवड्यांत, तेही एका दिवसात तोडतात. आई दुरावते, परक्या पिल्लांशी मारामाऱ्या होतात, पुढ्यात कोरडे खाद्य येते. बरीच पिल्ले पहिला दिवस, काही तर दोन दिवस, त्याला तोंडच लावत नाहीत. आतड्याच्या पेशींचे बरेचसे पोषण आतून सरकणाऱ्या अन्नावरच होते, त्यामुळे उपास त्यांना लगेच भोवतो. 21व्या दिवशी दूध तोडलेल्या पिल्लांत रसांकुरांची, म्हणजे अस्तरावरच्या बोटांसारख्या उंचवट्यांची, उंची 24 तासांत सुमारे तीन चतुर्थांशावर येते, असे डी. जे. हॅम्पसन यांनी 1986 मध्ये दाखवले. रसांकुरांच्या बुडाशी असलेले खळगे खोल होतात, दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज घटते. ताणामुळे चेतलेल्या मास्ट पेशी (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) अधिस्तराच्या पेशींमधले सांधे ढिले करतात. झीज बहुधा दोनेक आठवड्यांत भरून येते; मात्र फार लवकर दूध तोडलेल्या पिल्लांत हा ढिलेपणा मोठेपणीही टिकल्याचे आढळते.

याच संधीत एफ4 आणि एफ18 तंतू असलेले ई. कोलाय जंतू अधिस्तराला चिकटतात. त्यांच्या विषांमुळे आतड्यात पाणी सुटते आणि हगवण लागते. तिच्यावर खाद्यात किलोला 2.5 ग्रॅमपर्यंत जस्त, झिंक ऑक्साइडच्या रूपात, घालण्याचा उपाय वर्षानुवर्षे चालला. तो गुणकारी होता, पण जस्त शेणखतातून जमिनीत साठते आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंचे फावते. जून 2022 पासून युरोपीय संघाने त्याचा औषधी वापर थांबवला. प्रतिजैविक वाढवर्धकांवर तेथे 2006 पासूनच बंदी होती.

पर्याय म्हणून सेंद्रिय आम्ले, ग्लुटामिन, जिवाणूपूरके असे बरेच काही बाजारात आहे. मात्र दूध तोडण्याचे वय वाढवणे आणि पिल्लू पहिल्याच दिवशी खाईल असे पाहणे, याला त्यांतले काहीही पुरे पडत नाही. आईजवळ असतानाच थोडे खाद्य चाखलेली पिल्ले नंतर लवकर खाऊ लागतात. पहिले काही दिवस पातळ कालवलेले खाद्य दिवसातून अनेकदा, थोडे थोडे देतात.