हसू आणि तलवार : तीस वर्षांच्या युद्धातली व्यंगपत्रकं

युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात, म्हणजे १६१८ ते १६४८ या काळात, जर्मन मुलखात एक नवं हत्यार जोरात चाललं. एकाच बाजूनं छापलेला मोठा कागद. वर तांब्याच्या पत्र्यावर कोरून उमटवलेलं चित्र, खाली टवाळीची पद्यं. फेरीवाले ही पत्रकं बाजारात विकत. वाचता येणारा मोठ्यानं वाचे, बाकीचे चित्र बघत ऐकत.

फ्रेडरिक पाचवा याचं उदाहरण घ्या. हा प्रोटेस्टंट राजा नोव्हेंबर १६१९ मध्ये बोहेमियाच्या गादीवर बसला आणि नोव्हेंबर १६२० मध्ये प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत हरून पळाला. कॅथलिक पक्षानं त्याचं नाव पाडलं 'हिवाळी राजा'. पळताना त्याचा गार्टर, म्हणजे इंग्लंडच्या राजानं दिलेला गुडघ्याखाली बांधायचा मानाचा पट्टा, मागेच राहिला. झालं! चित्रांतून त्याचे मोजे घसरायला लागले. एका पत्रकात तर टपालवाला हरवलेल्या राजाला शोधत गावोगाव हिंडतो.

आता बघा, 'फ्रेडरिकचा हक्क खोटा आहे' असं कुणी म्हटलं, तर त्याचे वकील कागदपत्रं काढतील, वाद घालतील. घसरलेल्या मोज्याला उत्तर काय देणार? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. टवाळी विधान करतच नाही, त्यामुळे ती खोडता येत नाही.

इथवर आपणही हसतो. पण पुढे माग्डेबुर्ग येतं.

२० मे १६३१. सेनापती टिलीच्या कॅथलिक फौजा या प्रोटेस्टंट शहरात घुसल्या. लूट, आग, कत्तल. सुमारे वीस हजार माणसं मेली. शहराच्या नावात 'कुमारिका' असा अर्थ लोक बघत, तिच्या चिन्हावरही कुमारिका होती. मग विजयी पक्षात विनोद चालला : म्हाताऱ्या टिलीनं कुमारिकेशी लग्न लावलं! 'माग्डेबुर्गचं लग्न' हा शब्दच रूढ झाला. बलात्कार आणि जळालेली घरं त्या एका शब्दाखाली झाकली गेली. प्रोटेस्टंटांनी तीच कुमारिका उचलली आणि तिला हुतात्मा केलं. रूपक एकच, बाजू फक्त उलटी.

चारच महिन्यांनी, सप्टेंबरात, ब्राइटनफेल्ड इथे स्वीडनच्या गुस्ताव्ह अडॉल्फनं टिलीला चीत केलं. आता हसायची पाळी प्रोटेस्टंटांची. सॅक्सनीच्या समृद्ध मुलखाला मिठाईचं ताट कल्पून त्यांनी चित्रं काढली : बहात्तर वर्षांचा टिली हावरटासारखा हात घालतोय आणि त्याला ती मिठाई पचत नाहीये. चित्रं चांगली आहेत, खरं सांगायचं तर फारच चांगली. पण ज्यानं हजारोंची कत्तल होऊ दिली तो इथे फक्त एक खादाड म्हातारा उरतो.

टिली १६३२ च्या एप्रिलमध्ये जखमांनी मेला, गुस्ताव्ह अडॉल्फ त्याच वर्षी नोव्हेंबरात लढाईत पडला. युद्ध आणखी सोळा वर्षं चाललं.