२७ अंशांतला ट्रान्झिस्टर

१९७३ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी ‘स्पाइस’ ही परिपथांच्या सिम्युलेशनची प्रणाली जगापुढे मांडली. वेगळे काही सांगितले नाही, तर ती ट्रान्झिस्टरचे तापमान २७ अंश सेल्सिअस आणि प्रवाहवर्धन १०० मानते. प्रत्यक्षात ‘बीसी ५४७’चे वर्धन ११० ते ८०० यांमध्ये कुठेही असू शकते. त्यात रायपूरचा मे महिना चाळिशीपार! तापमान एका अंशाने वाढले, की तेवढ्याच प्रवाहासाठी लागणारा बेस-एमिटर विभवांतर सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो.

नवा रायपूरमध्ये २०२५ साली गॅलियम नायट्राइड चिपच्या कारखान्याची पायाभरणी झाली. तिथवर पोहोचू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनो, मापन सिम्युलेशनशी जुळले नाही, तर वहीतला आकडा खोडू नका. संगणकाने काय गृहीत धरले आहे, ते आधी तपासा.