आपल्या मागच्या भिंतीचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘संस्थेचा परिसर : काल आणि आज’ या विषयावर लेख द्यावा, असं संपादक समितीने मला सांगितलं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. गणेशोत्सव, हळदीकुंकू, क्रिकेटचे सामने, पाण्याच्या टाकीचं काम यांवर इतर सभासदांनी लिहिलं आहेच. मी लिहिणार आहे आपल्या मागच्या भिंतीबद्दल, आणि त्या भिंतीपलीकडे आपल्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं चाललेल्या गर्दच्या विक्रीबद्दल. आनंदाच्या प्रसंगी हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण तो वगळून लिहिलं तर तो आपला इतिहास होणार नाही, फ्लॅट विकायची जाहिरात होईल.

इतिहास लिहायला साधनं लागतात. माझं साधन म्हणजे संस्थेच्या सभांची इतिवृत्तं. १९९९ साली नोंदणी झाली तेव्हापासूनची सगळी पुस्तकं ऑफिसच्या कपाटात नीट ठेवलेली आहेत, त्याबद्दल आजवरच्या सर्व सचिवांचे आभार. ती ओळीने वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. पहिल्याच वर्षी नोंद आहे, मागच्या नळांच्या पितळी तोट्या चोरीला गेल्याची. मग पाण्याच्या मीटरची. मग भिंतीची उंची दोन फुटांनी वाढवण्याचा ठराव. मग भिंतीवर काचा. मग काटेरी तार. मग मागचं छोटं गेट कायमचं बंद. कारण काय दिलंय? ‘अनिष्ट प्रकार’, ‘बाहेरील व्यक्तींचा उपद्रव’, ‘सुरक्षेच्या दृष्टीने’. भिंतीला काय काय केलं ते सगळं लिहिलंय. कशासाठी केलं तो शब्द कुठेच नाही. तो न लिहिण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. इतिवृत्त ऑडिटर बघतो, कर्ज देणारी बँक बघते, फ्लॅट घ्यायला आलेला माणूसही मागतो. शिवाय लग्नाची मुलं-मुली घराघरात होती.

भिंतीपलीकडे काय चालायचं

नंतर राहायला आलेल्यांसाठी आणि तेव्हा लहान असलेल्यांसाठी सांगते. आपली मागची भिंत आणि रेल्वेची भिंत यांच्यामध्ये आठ-दहा फुटांचा बोळ आहे. एका टोकाला स्टेशनचा रस्ता, दुसऱ्या टोकाला नाला. सकाळी ऑफिसची गर्दी ओसरली की एकदा, आणि दिवेलागणीनंतर पुन्हा, तिथे धंदा चाले. कामाची वाटणी ठरलेली होती. एकजण पैसे घ्यायचा, दुसरा माल कुठे आहे ते दाखवायचा, आणि बोळाच्या तोंडाशी एखादं पोरगं नजर ठेवून असायचं. पैसे घेणाऱ्याच्या अंगावर पुडी कधीच नसायची. पुड्या भिंतीच्या फटीत, फुटक्या पाइपात, विटेखाली. त्यामुळे झडती झाली तरी त्याच्याकडे काही सापडत नसे.

गिऱ्हाईक तिथेच भिंतीला टेकून बसायचं. सिगरेटच्या पाकिटातली चांदी, तिच्यावर चिमूटभर भुकटी, खाली पेटलेली काडी, तोंडात कागदाची नळी. सकाळी बोळात जळक्या काड्या आणि काळे पडलेले चांदीचे तुकडे पडलेले असायचे. मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरांतून हे सगळं दिसायचं. पोळ्या लाटता लाटता आम्ही बघत होतो आणि खिडकी लावून घेत होतो. ‘दिसतं’ ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट. लपून चालतं तेव्हा माणूस म्हणतो, आपल्याला माहीत नव्हतं. समोर दिसतं तेव्हा तसं म्हणता येत नाही. आणि आपली मुलंही तेच बघत मोठी होतात.

मुलांनी त्या माणसांसाठी ‘गर्दुल्ला’ हा मुंबईभर चालणारा शब्द उचलला. पुढे केस वाढलेला, मळका कपडा घातलेला कुणीही गर्दुल्ला झाला. शब्द एकदा चिकटला की खालचा माणूस दिसेनासा होतो.

ही वाट कुठून आली

शाळेत मी शिकवत असे की कुठलीही गोष्ट आपल्या दारात सुरू होत नाही. मुंबईचा आणि नशेच्या व्यापाराचा संबंध तर दोनशे वर्षांचा आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्यातली अफू इथून चीनला जायची. आधी व्यापारी ती कराची आणि पोर्तुगीजांच्या दमणमार्गे आडवाटेने नेत. १८३० नंतर कंपनी सरकारने पेटीमागे शुल्क घेऊन ती मुंबई बंदरातून जाऊ दिली आणि १८४३ साली सिंध जिंकल्यावर आडवाटही बुजली. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनशी चाललेल्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून उभी राहिली, आणि त्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय. आपण मुलांना देणगीचा भाग शिकवतो, आधीचा भाग राहून जातो.

गर्द मात्र अलीकडची. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, अफूपासून केलेलं अशुद्ध, भेसळीचं हेरॉइन. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. तिकडच्या मालाचे पश्चिमेला जाणारे जुने रस्ते विस्कटले आणि पाकिस्तान, भारत, मुंबई असा नवा रस्ता पडला. रस्त्यावरून माल जातो तेव्हा वाटेत सांडतोही. १९८०नंतरच्या चार-पाच वर्षांत तो मुंबईच्या गल्ल्यांत सांडला. त्याच काळात, १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे २.५ लाख कामगारांच्या घरातली चूल थंडावली. रिकामे हात आणि स्वस्त पुडी यांची गाठ पडायला वेळ लागला नाही.

अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, त्यामुळे मराठी घरांपर्यंत हा शब्द पोचला. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ साली, देशात अमली पदार्थांचा नवा कायदा आला होता, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो. म्हणजे आपल्या इमारतीचा पाया खणला जाण्याआधी रोग, औषध आणि कायदा तिन्ही शहरात होते.

‘पोलीस करतात काय?’

आपल्या प्रत्येक सर्वसाधारण सभेत हा प्रश्न निघायचा. आज पकडलेला माणूस पंधरा दिवसांत परत भिंतीपाशी दिसायचा, तेव्हा राग येणं साहजिक होतं. पण यामागे कायद्याचंही एक कारण आहे. २००१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षा मालाच्या वजनाशी जोडली गेली. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर ‘अल्प प्रमाण’, २५० ग्रॅमच्या वर ‘व्यापारी प्रमाण’. व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षं शिक्षा आणि जामीन महाकठीण. अल्प प्रमाणाला आज जास्तीत जास्त १ वर्ष. पुडीत तर ग्रॅमभरही माल नसतो. दुरुस्तीच्या आधी लहान माशांना मोठ्या माशांचीच शिक्षा व्हायची, म्हणून हा फरक केला गेला, आणि तो न्यायाचाच होता. पण याचा अर्थ असा की बोळातला फुटकळ विकणारा तुरुंगात फार काळ राहणार नाही. एकाला आत टाकलं तरी दुसरा उभा राहतो. बोळ रिकामा असेल तोवर जागा भरली जाणारच.

भिंत आणि गेट

माझ्या मते आपल्या पंचवीस वर्षांतला सगळ्यांत मोठा धडा हाच आहे. इतिवृत्तं पुढे वाचली की दिसतं, भिंत जसजशी उंच झाली तसतसा तिकडचा उपद्रव वाढतच गेला. कारण सरळ आहे. विकणाऱ्याला अशी जागा हवी असते जिथे गिऱ्हाईक सहज पोचेल, पण बाकी कुणी फिरकणार नाही. आपण गेट बंद केलं, खिडक्या लावल्या, भिंत उचलली, आणि बोळ आणखी एकाकी झाला.

२००९ साली महिला मंडळाने उलटा प्रस्ताव आणला : मागचं गेट उघडा. त्या सभेत काय गदारोळ झाला हे उपस्थितांना आठवत असेल! ‘चोराला किल्ली देताय’ असंही बोललं गेलं. पण मुद्दा असा होता की बोळातून स्टेशन सात मिनिटांवर येतं, पुढच्या रस्त्याने पंधरा. ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला. संस्थेने भिंतीवर सहा दिवे बसवले, वीज आपल्या मीटरवरून. शेजारच्या दोन सोसायट्यांनीही आपापली गेटं उघडली. सकाळी सहा ते रात्री दहा वॉचमन तिथे. सुरुवातीला बायका घोळक्याने जायच्या, दूधवाला जायचा, मग शाळेची मुलं, मग ऑफिसवाले. वडापावची एक गाडी बोळाच्या तोंडाशी लागली. ज्येष्ठ नागरिकांनी दोन बाकं मागून घेतली आणि संध्याकाळची मैफल तिथे हलवली. कुणी कुणाशी भांडलं नाही, कुणाला मारलं नाही. वर्षभरात विक्री तिथून उठली.

इथेच लेख संपवला असता तर छान झालं असतं. पण विक्री उठली म्हणजे संपली नाही. ती नाल्यापलीकडे पुलाखाली गेली, म्हणजे वस्तीच्या दारात. आपल्या तिन्ही विंगमध्ये कामाला येणाऱ्या बायका त्याच वस्तीतल्या. आपण सुटलो ते त्यांच्या अंगणावर. तिथे ना सहा दिवे, ना वॉचमन, ना मतदानाला सर्वसाधारण सभा.

दोन मुलं

दोन्ही घरांना विचारून लिहिते आहे. नावं देत नाही.

एक मुलगा आपल्या इमारतीतला. अकरावीत नापास झाला, घरातले पैसे जाऊ लागले, मग आईच्या बांगड्या. वडिलांनी सुट्टी काढली, डॉक्टर गाठला, व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. एकदा सुटून परत लागली, पुन्हा ठेवलं. आज तो नोकरी करतो, लग्न झालंय, आणि यंदाच्या गणपतीत मांडवाचं विजेचं काम त्यानेच बघितलं.

दुसरा मुलगा पुलाखालच्या वस्तीतला. त्याची आई आमच्या विंगमध्ये चार घरची भांडी करायची. तिला कळलं तेव्हा तिने आधी मारलं, मग देवाला नवस बोलली, मग मुलाला गावी पाठवलं. केंद्र असतं, उपचार असतात, हे तिच्या कानावर उशिरा आलं. आलं तेव्हा महिनाभर मुलाजवळ थांबायला रजा कोण देणार? पकडलं जाण्याची भीती होतीच. तो २०१२ साली गेला. बावीस वर्षांचा होता. दहाव्यानंतर ती कामावर आली तेव्हा मला एवढंच म्हणाली, “बाई, तो चोर नव्हता हो.”

पुडी एकाच भिंतीतली. एका घरात पैसे, रजा आणि माहिती होती, दुसऱ्यात नव्हती. मला तरी या दोन मुलांमध्ये दुसरा फरक सापडलेला नाही.

आता भिंत नाही

२०१२-१३नंतर मुंबईत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पसरलं. पांढरी भुकटी, चांदी नको, काडी नको, धूर नाही. सुरुवातीला तर ते एनडीपीएस कायद्याच्या यादीतच नव्हतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. हा माल बोळात बसून विकला जात नाही. फोन जातो, मोटरसायकल येते. मागच्या गेटवर नव्हे, पुढच्या गेटवर, लिफ्टपर्यंतसुद्धा. ज्या गिऱ्हाइकाला आपण भिंतीपलीकडचा समजत होतो, तो आता रजिस्टरमध्ये सही करून आत येऊ शकतो, किंवा आतच राहत असतो. याला काटेरी तार कुठे लावणार?

म्हणून पुढच्या पंचवीस वर्षांसाठी कार्यकारिणीकडे तीन मागण्या ठेवते. पहिली, सूचना फलकावर दोन नंबर कायमचे लिहावेत : व्यसनमुक्तीसाठी मदत हवी असेल तर १४४४६, आणि विक्रीची माहिती द्यायची असेल तर १९३३. दुसरी, एनडीपीएसचं कलम ६४ए सगळ्यांना, विशेषतः आपल्याकडे काम करणाऱ्या बायकांना, मराठी-हिंदीतून समजावून सांगावं. सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी पकडलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार मात्र पुरे करावे लागतात. हे त्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. तिसरी, ज्येष्ठांच्या कल्याण निधीसारखाच एक छोटा निधी, आपल्या आवारात काम करणाऱ्या कुणाच्याही घरातल्या उपचारासाठी. आणि त्यासाठी भरपगारी रजा, जी आपण प्रत्येक घराने द्यायची.

या तिन्ही गोष्टी ठराव म्हणून आल्या तर सचिवांना एक विनंती. इतिवृत्तात ‘अनिष्ट प्रकार’ लिहू नका. ‘गर्द’ लिहा, ‘एमडी’ लिहा. सुवर्णमहोत्सवाला जो कुणी हे पुस्तक उघडेल, त्याला कळू दे की आपण कशाशी झगडत होतो.

(लेखिका निवृत्त शिक्षिका व संस्थेच्या माजी सचिव आहेत.)