छापील अक्षर बोटाखाली

स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे जॉन लिनविल 1962 मध्ये जर्मनीतल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेले होते. तिथे त्यांनी एक वेगवान प्रिंटर पाहिला. बारीक हातोड्या कागदावर आपटून तो अक्षरं उमटवत होता. लिनविलांची मुलगी कँडी लहानपणापासून अंध. आई मार्जरी तिच्यासाठी पुस्तकं हातानं ब्रेलमध्ये उतरवून काढायची. या हातोड्यांखाली कागदाऐवजी बोट ठेवलं तर अक्षर कळेल, असं लिनविलांच्या मनात आलं. पुढची कित्येक वर्षं त्यांनी त्यापायी घातली.

पुस्तक ब्रेलमध्ये येण्याची वाट पाहणं काय असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी ब्रेल मुद्रणालयात मुद्रितं तपासते. शेजारी बसलेली सहकारी मूळ प्रत मोठ्यानं वाचते आणि मी बोटानं ताडून पाहते. छापील जगातलं फार थोडं आमच्यापर्यंत पोचतं, तेही उशिरा. लिनविलांच्या यंत्राला मात्र मधला कुणी लागत नव्हता. दुकानातून पुस्तक आणलं की त्याच दिवशी वाचायला घ्यावं! म्हणून आमच्यासाठी झालेल्या यंत्रांमध्ये मी त्याला फार वरचं स्थान देते.

त्याचं नाव ऑप्टाकॉन. लिनविल आणि जेम्स ब्लिस यांनी 1970 मध्ये टेलिसेन्सरी सिस्टिम्स ही कंपनी काढली आणि ते विक्रीला आणलं. उजव्या हातात छोटा कॅमेरा धरून तो छापील ओळीवरून सरकवायचा. डाव्या हाताची तर्जनी यंत्रातल्या खोबणीत ठेवायची. तिच्याखाली 24 ओळींत प्रत्येकी 6, अशा 144 पिना असत. कॅमेऱ्याला जिथे शाई दिसे तिथल्या पिना थरथरत आणि अक्षराचा आकार बोटाखालून सरकत जाई. वेगळी भिंगं जोडली की टंकलेखन यंत्रातला कागद किंवा संगणकाचा पडदाही वाचता येई.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे ते होतं. त्यांनी मराठी पुस्तकावर कॅमेरा फिरवला तेव्हा माझ्या बोटाच्या शेंड्याला एक सलग थरथर लागली. सुटेचना. शब्द संपला तेव्हा तुटली, दुसरा शब्द आला तशी पुन्हा सुरू झाली. ती शिरोरेषा होती. ब्रेलमध्ये शिरोरेषा नसते, त्यामुळे इतकी वर्षं मी ती नुसती ऐकून होते. तिच्याखालून एकेका अक्षराचा दांडा सरकत गेला आणि डोळस माणसं कशाला ‘ओळ’ म्हणतात, ते मला बोटानं समजलं.

शिकायला मात्र ते अवघड होतं. बहुतेकांचा वेग मिनिटाला 30-40 शब्दांच्या फारसा पुढे जात नसे. 1976 मध्ये रे कुर्झवाइल यांनी छापील पान मोठ्यानं वाचणारं यंत्र आणलं. पुढे स्कॅनर आणि संगणकाचा आवाज स्वस्त झाले. 1996 मध्ये ऑप्टाकॉनचं उत्पादन थांबलं.

आवाजाचे उपकार मी नाकारत नाही. पण आवाजात शुद्धलेखन लपतं. माझ्या संगणकाच्या तोंडून ‘दिन’ आणि ‘दीन’ जवळजवळ सारखेच ऐकू येतात. टिंबं पिनांनी उमटवणाऱ्या ब्रेल डिस्प्लेवर बोट ठेवलं की फरक लगेच लागतो. 1951 मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकार म्हणजे दुसरं आणि चौथं टिंब, दीर्घ ईकार म्हणजे तिसरं आणि पाचवं. तीच तिरकी जोडी, फक्त एक पायरी खाली.

माझ्या डिस्प्लेवर 40 घरं आहेत, प्रत्येकात 8 पिना. दर पिनेखाली विजेच्या दाबानं वाकणारी स्वतंत्र पट्टी असते. ओळ बदलताना या 320 पिनांपैकी कित्येक एकदम हलतात आणि बारीकसा कडकडाट होतो. या पट्ट्यांमुळेच यंत्र महाग पडतं, आणि इतकं महाग यंत्र शाळेतल्या मुलांना कोण देणार? त्यांच्या हाती आधी बोलणारा फोन येतो. शब्द कानावर पडतात, त्यांचे इकार-उकार बोटाला कधी भेटतच नाहीत. आमच्याकडे नव्यानं शिकायला येणाऱ्या हुशार मुलींच्या लेखनातही मला हे दिसतं, आणि फार वाईट वाटतं.

अलीकडे अमेरिकेत मोनार्क नावाचं यंत्र निघालं आहे. त्यावर ब्रेलच्या 10 ओळी एका वेळी येतात आणि त्याच 3,840 पिनांवर आलेख आणि नकाशेही उमटतात. देवनागरीचं ‘ळ’ उमटवायला तिथे जागेची अडचण नाही. शाळांसाठी यंत्रं घेताना प्रत्येक मुलाला एक देणं परवडणार नाही, हे मलाही कळतं. निदान प्रत्येक अंधशाळेच्या ग्रंथालयात असं एक यंत्र असावं, आणि ते कपाटात कुलूपबंद नसावं.