पूर: पाण्याची पातळी, घरातली तयारी आणि आपले कागद

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची अनुक्रमे 40 आणि 45. ऑगस्ट 2019 मध्ये दोन्हीकडे पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. हे आकडे पाठ हवेत, कारण नदीकाठची सखल जागा अनेक गावांत आपल्याच वस्तीच्या वाट्याला आली आहे. किती फुटांना आपल्या गल्लीत पाणी शिरते, ते मागच्या पुराच्या खुणेवरून ठरवून ठेवा. कोयना, राधानगरीतून विसर्ग वाढला की गावात ऊन असतानाही नदी चढते.

घरात आधी कागद सांभाळा. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला भिजला तर नातवाची शिष्यवृत्ती अडते. मूळ प्रत प्लास्टिकमध्ये, फोटो दोन नातेवाइकांच्या मोबाईलवर. औषधे, टॉर्च, पिण्याचे पाणी हे ओघाने आलेच.

इशारा पातळीलाच वृद्ध, गरोदर महिला आणि जनावरे हलवा. ब्रह्मनाळला 2019 मध्ये बोट उलटून माणसे गेली, ती उशिरा निघताना. विहार उंचावर असेल तरच निवारा समजा. निघताना मेन स्विच बंद.

परतल्यावर चिखल काढण्याआधी फोटो घ्या, पंचनाम्यात नाव आहे का ते तलाठ्याकडे पाहा. भाडेकरूंची नावे हमखास राहतात. मदतीत जातीवरून भेदभाव करण्यास आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 61 ने मनाई आहे. छावणीत वेगळी पंगत दिसली तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या. जिल्हा नियंत्रण कक्ष: 1077.