आपल्याच वयाची फोर्मिगा

आपली दहावीची तुकडी १९९४ची. म्हणजे आपल्यातले बहुतेक जण १९७८ सालचे, एखाद-दुसरा वर्षभर मागेपुढे. त्याच १९७८ साली, ३ मार्चला, ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात मिराइल्डीस मासिएल मोता नावाची मुलगी जन्मली. जग तिला फोर्मिगा या नावाने ओळखतं. पोर्तुगीज भाषेत फोर्मिगा म्हणजे मुंगी. फुटबॉलच्या सात विश्वचषक स्पर्धांत खेळलेली ती एकमेव खेळाडू आहे. पुरुषांमध्येही हा आकडा कोणी गाठलेला नाही.

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला. मी इतिहास शिकवते, तेव्हा एखादा किल्ला किंवा ताम्रपट येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. पण इतिहास आपल्या हयातीतही घडत असतो, आणि आपल्या पिढीच्या हयातीतली एक मोठी गोष्ट मला या मुंगीच्या कारकिर्दीत दिसते. म्हणून हा लेख.

फोर्मिगा जन्मली तेव्हा तिच्या देशात बायकांनी फुटबॉल खेळायला बंदी होती. होय, ब्राझीलमध्ये, पेलेच्या देशात! १९४१ साली जेतुलिओ वार्गास यांच्या सरकारने एक हुकूम काढला. स्त्रीच्या प्रकृतीशी विसंगत असे खेळ स्त्रियांनी खेळू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. १९६५ साली लष्करी राजवटीत राष्ट्रीय क्रीडा परिषदेने अशा खेळांची नावंच जाहीर केली. त्या यादीत फुटबॉल होता, कुस्तीसारखे झुंजीचे खेळ होते, वजन उचलणंही होतं. ब्राझीलच्या पुरुषांनी १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन विश्वचषक जिंकले, ते सगळे याच काळात. देश रस्त्यावर उतरून नाचत होता आणि त्या देशातल्या निम्म्या माणसांना चेंडूला पाय लावायची परवानगी नव्हती. बंदी उठली १९७९ साली, फोर्मिगा एक वर्षाची असताना. स्त्रियांच्या फुटबॉलचे नियम ठरायला मात्र १९८३ उजाडलं.

वर्गात मी मुलांना नेहमी सांगते, कायदा रद्द झाल्याची तारीख पाठ करा, पण त्या तारखेला गोष्ट संपली असं समजू नका. बंदी उठली म्हणून साल्वादोरच्या गल्लीत मुलींसाठी मैदान तयार झालं नाही. फोर्मिगा मुलांबरोबर खेळायची आणि त्यासाठी मोठ्या भावांचा मार खायची, हे तिने स्वतःच मुलाखतींत सांगितलं आहे.

आपल्याकडे तर असा कायदा कधीच नव्हता. उलट भारतात महिला फुटबॉलची संघटना १९७५ साली स्थापन झाली आणि १९८० व १९८३ अशा दोन आशियाई स्पर्धांत आपल्या मुली उपविजेत्या ठरल्या. तरीही आपल्या शाळेच्या मैदानावर फुटबॉल मुलांचा आणि लेझीम मुलींची, हे आपण सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. तसं कोणत्याही परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं, कोणत्याही सरांनी किंवा बाईंनी तसं बजावलेलंही मला आठवत नाही. कायद्याने जे तिथे केलं, ते इथे सवयीने केलं.

आता तिच्या खेळाविषयी. फोर्मिगा मधल्या फळीत खेळायची. आपल्या वर्गातल्या फुटबॉलवाल्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. गोल करणाऱ्याचं नाव होतं, गोल वाचवणारा गोलरक्षकही लक्षात राहतो. मधल्या फळीतली खेळाडू मात्र सामनाभर जागा भरत असते. आपली बचावपटू पुढे धावली की तिची जागा धरायची, प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि जिला मोकळी वाट आहे तिच्याकडे तो सोपवायचा. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात यातलं काही येत नाही. मुंगीसारखी सगळ्यांसाठी राबते, म्हणून तिला हे नाव पडलं.

१९९५ साली, आपण अकरावी संपवून बारावीच्या क्लासांची चौकशी करत होतो तेव्हा, सतरा वर्षांची फोर्मिगा स्वीडनमध्ये पहिला विश्वचषक खेळत होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचं म्हटलं तर आपल्याला लिअँडर पेसचं कांस्यपदक आठवतं. महिलांचा फुटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो त्याच वेळी. फोर्मिगा तिथे होती. त्यानंतर सिडनी, अथेन्स, बीजिंग, लंडन, रिओ आणि टोकियो. महिला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आल्यापासूनच्या पहिल्या सातही स्पर्धा ती खेळली. आपण नोकऱ्या धरल्या, बदलल्या, लग्नं झाली, मुलं दहावीला आली, कोणाकोणाच्या डोळ्यांवर चाळशी आली, आणि ही तिथेच, मैदानाच्या मध्यभागी.

सोनं मात्र थोडक्यात हुकलं. १९९९च्या विश्वचषकात ब्राझीलला तिसरं स्थान मिळालं. अथेन्स २००४ आणि बीजिंग २००८, दोन्ही ऑलिंपिक अंतिम सामन्यांत अमेरिकेने त्यांना अतिरिक्त वेळेत हरवलं. त्या दोन्हींच्या मधे, २००७च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीने २-० ने हरवलं. पदकं स्वीकारताना ब्राझीलच्या मुलींनी एक फलक धरला होता. आम्हाला पाठबळ हवं आहे, असं त्यावर आपल्याच देशाला उद्देशून लिहिलेलं होतं. जगात दुसरा आलेला संघ मायदेशाकडे मदत मागत होता! तिथल्या महिलांची नियमित राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१३ साल उजाडलं. तोवर पोट भरायचं आणि खेळायचं तर खेळाडूंना देशोदेशी फिरावं लागे. फोर्मिगाही स्वीडनला गेली, अमेरिकेत खेळली, परत आली.

२०१५च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्ध तिने गोल केला तेव्हा ती ३७ वर्षांची होती. महिला विश्वचषकात इतक्या वयात तोवर कोणीच गोल केला नव्हता. २०१६च्या अखेरीस तिने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली आणि २०१७ मध्ये पॅरिस सेंट जर्मेन या फ्रेंच क्लबकडून खेळू लागली. पण २०१८ साली राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाने तिला परत बोलावलं. तिच्या जागी उभं राहील असं कोणी तयार झालेलं नव्हतं. २०१९च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध ती ४१व्या वर्षी उतरली. ब्राझील अतिरिक्त वेळेत हरलं. सामना संपल्यावर तिची सहकारी मार्ता कॅमेऱ्याकडे पाहून देशातल्या मुलींना म्हणाली, की फोर्मिगा कायमची असणार नाही, मीही असणार नाही, आता हा खेळ तुमच्यावर आहे.

सात विश्वचषकांचा विक्रम वाचून लोक तिच्या तब्येतीचं कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे. २०२१ मध्ये पॅरिसच्या संघाने लिऑनची सलग चौदा विजेतेपदांची साखळी तोडून पहिल्यांदा फ्रेंच लीग जिंकली, तेव्हा ती ४३ वर्षांची होती. पण इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला त्या विक्रमात आणखी एक गोष्ट वाचता येते. अडतीस वर्षं मुलींना मैदानाबाहेर ठेवलं आणि नंतरची तीस वर्षं त्यांच्यासाठी फारसं काही उभं केलं नाही, तर एका पिढीच्या खांद्यावर तीन पिढ्यांचं काम पडतं. ती इतकी वर्षं खेळली ती हिमतीवर, आणि तिला इतकी वर्षं खेळावं लागलं ते मागे रांगच नव्हती म्हणून. दोन्ही खरं आहे. एकाच बाजूचं कौतुक केलं तर दुसरी बाजू झाकली जाते.

तिचा निरोपाचा सामना कोणाशी झाला माहीत आहे? भारताशी. २५ नोव्हेंबर २०२१, ब्राझीलमधलं मानाउस शहर. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलने गोल केला आणि काही मिनिटांतच आपल्या मनीषा कल्याणने एकटीने धावत जाऊन बरोबरी साधली. शेवटी आपण ६-१ असे हरलो. उत्तरार्धात फोर्मिगा बदली खेळाडू म्हणून उतरली आणि पिवळ्या जर्सीतला तिचा प्रवास तिथे संपला. दोनच महिन्यांनी आशियाई चषक आपल्या मुंबई-नवी मुंबई-पुण्यात झाला. त्यात आपल्या संघात कोरोना शिरला, नियमाप्रमाणे किमान तेरा जणी उभ्या करणंही अशक्य झालं आणि स्वतःच्या घरच्या स्पर्धेतून आपल्याला बाहेर पडावं लागलं. टीव्हीवर ती बातमी ऐकताना मला फार वाईट वाटलं होतं.

ब्राझीलमध्ये गोष्टी हलल्या आहेत. २०२० साली तिथल्या फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय संघातल्या स्त्री-पुरुषांना सारखाच मोबदला देण्याचं जाहीर केलं. २०२७चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये होणार आहे, दक्षिण अमेरिकेत पहिल्यांदाच. ज्या देशात ती जन्मली तेव्हा तिचा खेळ बेकायदा होता, तिथेच.

मित्रमैत्रिणींनो, स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेला कमान बांधून द्यायची की आणखी काही, यावर आपल्या ग्रुपवर महिनाभर चर्चा चालू आहे. माझं मत मी इथेच नोंदवते. कमान पुढच्या तुकडीने बांधावी. आपण आठवी ते दहावीच्या मुलींसाठी संध्याकाळचा दीड तास मैदान मागून घेऊ, एक प्रशिक्षक नेमू आणि दोन वर्षांचं त्याचं मानधन भरू. बूट, जर्सी आणि चेंडू यांचा खर्च मी काढला आहे, मेळाव्याला येताना कागद घेऊन येईन. आपल्या गुरुजनांपैकी जे त्या दिवशी येतील, त्यांनी मुख्याध्यापकांकडे मैदानासाठी शब्द टाकावा, एवढी विनंती. त्यातून फोर्मिगा निघेल असं मी म्हणत नाही. दहा-बारा मुली दहावीनंतरही खेळत राहिल्या, तरी मागे रांग उभी राहायला सुरुवात होईल.